आधी झीलकरी, मग गिटार

तुमच्या लांबलचक पत्राचा गोषवारा आधी सांगतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही कळेल. लातूरचे तुम्ही पाच जण. गाणारी एक मुलगी, गिटार वाजवत गाणारा एक मुलगा, दुसरा गिटारवाला, बेसवाला आणि ड्रमवाला. 'ऑफ मॉन्स्टर्स अँड मेन' या आइसलँडच्या बँडचा पहिला अल्बम 'माय हेड इज अॅन अॅनिमल' तुम्ही कॉलेजात असल्यापासून ऐकताय. तसाच लोकसंगीताच्या वळणाचा रॉक अल्बम तुम्हाला मराठीत करायचाय. प्रश्न तीन आहेत. त्यांचा पहिलाच अल्बम एवढा का चालला? संबळ, हलगी, तुणतुणं हे गिटारीबरोबर कसं बसवायचं? आणि रेकॉर्डिंगला पुण्या-मुंबईला जावं का?

मी पंचवीस वर्षं संभाजीनगरात रेकॉर्डिंगचं काम करतो. भजनी मंडळं, भीमगीतं, गोंधळी, आराधी मेळे, लग्नाचे ऑर्केस्ट्रे आणि अधूनमधून तुमच्यासारखी बँडवाली पोरं, सगळी माझ्या खोलीतून गेलीत. पहिल्या प्रश्नाला जरा जास्त वेळ लावणार आहे, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी त्या अल्बमची हकिगत. बँड जमला 2010 साली. नान्ना नावाची मुलगी एकटीच गिटार घेऊन गायची, तिच्याभोवती बाकीचे गोळा झाले. त्याच वर्षी नव्या बँडांसाठी आइसलँडमध्ये दरवर्षी होणारी स्पर्धा त्यांनी जिंकली. पुढं ऑक्टोबरात रेक्याविकच्या संगीत महोत्सवाला सिअॅटलच्या केईएक्सपी रेडिओची माणसं आली होती. त्यांनी कुणाच्या तरी घरातल्या बैठकीत या पोरांचं 'लिटल टॉक्स' रेकॉर्ड केलं आणि इंटरनेटवर टाकलं. तेव्हा अल्बमचा पत्ता नव्हता. तो आइसलँडमध्ये आला सप्टेंबर 2011 मध्ये. दरम्यान फिलाडेल्फियाच्या एका रेडिओने ते गाणं लावून धरलं, मोठ्या कंपनीने हात दिला, आणि एप्रिल 2012 मध्ये अल्बम अमेरिकेत आला तो बिलबोर्डच्या यादीत थेट सहाव्या क्रमांकावर.

तेव्हा अख्ख्या आइसलँडची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आत होती. 2011 च्या जनगणनेत एकट्या लातूर शहराची पावणेचार लाखांच्या वर भरते. म्हणजे 'आम्ही लातूरचे, आम्हाला कोण विचारतंय' ही सबब इथंच बाद. पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या मला शिव्या द्याल. ती पोरं इंग्रजीत गायली. आइसलँडिकमध्ये गायली असती तर फिलाडेल्फियाचा रेडिओ इतका धावला असता असं मला वाटत नाही. तुम्ही मराठीत गाणार. तुमचा फिलाडेल्फिया म्हणजे पुणे, नागपूर, फार तर बंगळुरू. 2008 साली केरळच्या 'अविअल'ने मल्याळममध्ये आणि बंगळुरूच्या रघू दीक्षितने मुख्यतः कन्नड-हिंदीत पहिला अल्बम काढला, ते दोन्ही भाषा न कळणाऱ्यांनीही डोक्यावर घेतले. तेव्हा मराठी अडचण नाही. फक्त मोजमाप आपलं ठेवा.

आता मुद्दा. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्यांच्या गाण्यात अॅकॉर्डियन आणि ट्रम्पेट आहे म्हणून तो लोकसंगीताचा बाज येतो, तर आपण त्या जागी संबळ-हलगी घालू. इथं मी तुम्हाला थांबवतो. 'लिटल टॉक्स' परत लावा, आणि ट्रम्पेटकडे दुर्लक्ष करून फक्त माणसांचे आवाज ऐका. एक बाई एक ओळ म्हणते, पुरुष तिला उत्तर देतो. मधेच सगळे मिळून 'हे!' असं ओरडतात. ते गाणं म्हणजे सरळ सरळ सवाल-जवाब आहे. गाणाऱ्याने एक टोक धरायचं आणि बाकीच्यांनी दुसरं. ऐकणारा तिसऱ्यांदा ऐकतो तेव्हा त्याला 'हे!' कधी येणार ते माहीत असतं आणि तो आपसूक ओरडतो. अल्बम चालला तो या 'हे!'वर, असं माझं ठाम मत आहे. ट्रम्पेट काढून त्या जागी सनई ठेवा, गाणं उभं राहील. ओरडणारी माणसं काढा, ते बसेल.

आपल्याकडे त्या 'हे!'ला नाव आहे: झील. गोंधळात नाईक पद सुरू करतो, संबळ त्याला उचलतो, आणि मागचे झीलकरी ओळीचं शेपूट पकडून वर नेतात. पोवाड्यात तीच गोष्ट 'जी जी रं जी' म्हणून येते. भजनात म्हणणारा चाल सांगतो आणि मंडळ ती झेलतं. नाथांच्या भारुडात सोंग घेणारा बोलतो आणि टाळकरी त्याला भंडावतात. गोंधळ्यांत तुळजापूरच्या भवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई असे दोन पंथ आहेत, दोन्हींची टोकं मराठवाड्यात. दोघांची पदं वेगळी, पण झिलीशिवाय गोंधळ कुणाचाच उभा राहत नाही. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. जुनं जे रेकॉर्डिंग सापडेल ते ऐका, आणि ऐकताना संबळाऐवजी मागच्या माणसांकडे कान द्या.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही, चुकून कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी बीडच्या चार पोरांचा अल्बम माझ्याकडे झाला. गाणी चांगली होती. झिलीच्या जागी माणसं आणायची तर गाडीभाडं, जेवणं, बसायला जागा. मी म्हणालो, कशाला, गाणाऱ्याकडूनच आठ वेळा म्हणवून घेऊ, एकावर एक चढवू, गर्दी तयार होईल. झाली नाही. एकाच माणसाचा आवाज आठदा चढवला की तो जाड होतो, पण माणसं वाढत नाहीत. प्रत्येक वेळी 'र' तसाच, श्वास तिथंच, ओळ उचलायची खोड तीच. भुताटकीसारखं वाटतं. पोरांना तेव्हा कळलं नाही, मलाही नाही. अल्बम आला आणि गेला. वर्षभराने त्यातलं एक गाणं मी अंबाजोगाईत त्यांच्याच गॅदरिंगला ऐकलं. समोरची शे-दोनशे पोरं झील ओढत होती आणि माझ्या अंगावर काटा आला. तेच गाणं माझ्या खोलीत मेलं होतं. मारणारा मी.

म्हणून पहिलं काम: गाणं लिहितानाच दुसऱ्यासाठी जागा सोडा. प्रत्येक कडव्यात चार-पाच अक्षरांची अशी ओळ हवी जी पहिल्यांदा ऐकणारा दुसऱ्या फेरीला म्हणू शकेल. तुमच्या पाठवलेल्या सहा गाण्यांपैकी पाचांत अशी जागाच नाही. शब्द चांगले आहेत, पण पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत गच्च. पाहुण्याला बसायला खुर्चीच नाही. एकच गाणं, ते पाण्याच्या टँकरचं, त्यात 'आला गं आला' असं येतं तिथं जागा आहे. योगायोग नाही, तेच तुम्हाला स्वतःला सर्वांत आवडतं असं तुम्हीच लिहिलंय.

आता पट्टी. याकडे बँडवाली पोरं सर्वांत कमी लक्ष देतात. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबाने तुमचा मुलगा काळी एकमध्ये मोकळा गातो, मुलगी काळी चारमध्ये. हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं, बाई-पुरुषांच्या युगुलगीतात कुणीतरी एक मरतो. तुम्ही मधली पट्टी म्हणून पांढरी तीन धरलीय आणि दोघंही कसेबसे गातायत. मी उलट करेन. पट्टी मुलाच्या सोयीची धरा, पण त्याला वरच्या सुरात, जवळजवळ हाक मारल्यासारखा गाऊ द्या, आणि मुलीला खालच्या भागात, बोलल्यासारखं. गोंधळ्याचा आवाज तसाच असतो, टिपेला जाऊन ताणलेला. आणि बाईचा खालचा, जात्यावर बसल्यासारखा आवाज आपल्या कानाला ओळखीचा आहे. गिटारवाल्याला त्रास नाही: काळी एकला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी-चे आकार किंवा चौथ्यावर लावून ए-चे. मी चौथ्यावरचे घेईन. आवाज बारीक आणि चमकदार येतो, तुणतुण्याच्या शेजारी बसतो.

तुणतुण्याबद्दल लगेच सांगून टाकतो. एक तार, खाली कातडं, वर खुंटी, आणि ती खुंटी सरकते. दर गाण्याआधी नव्हे, दर टेकआधी, म्हणजे रेकॉर्डिंगच्या दर प्रयत्नाआधी, सुरात लावा. ते षड्जावर लावून ठेवलं तर तुमच्या गिटारीचे स्वरसमूह बदलले तरी त्याखाली एक सूर धरून राहतो. दोन-तीन ठिकाणी तो सूर गिटारीशी किंचित घासेल. घासू द्या. पण त्याला गाणंभर वाजवू नका. मिक्सिंगमध्ये सर्वांत आधी वैताग आणणारं वाद्य तेच.

संबळाची गोष्ट मोठी आहे. चार-पाच वर्षांपूर्वी पैठणकडचे एक वयस्क संबळवाले माझ्याकडे आले होते, एका नाटकाच्या संगीतासाठी. आम्ही नेहमीप्रमाणे हेडफोन दिले, त्यात क्लिक, म्हणजे लय धरायला मशीनची टकटक, लावली. गिटार आधीच रेकॉर्ड झालेली होती, मिनिटाला 96 ठोक्यांच्या लयीत, एकदम काटेकोर. बाबांनी दहा मिनिटं प्रयत्न केला. हात थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "सायब, ह्या टकटकीवर माझा हात चालंना. ह्यो कोन टकटक करायलाय त्याला म्होरं बसवा की." मी हसलो. मग विचार केला, म्हणतायत ते बरोबर आहे. गिटारवाल्या पोराला घरून बोलावलं, समोर सतरंजीवर बसवलं, क्लिक बंद केली. दोघांच्या मध्ये एक गादी उभी केली, म्हणजे संबळ गिटारीच्या माइकमध्ये फार जाऊ नये, पण एकमेकांची तोंडं दिसतील एवढीच उंच. दुसऱ्या टेकला गाणं झालं.

नंतर मोजलं तेव्हा सुरुवात 92 ची होती आणि शेवट 109 चा. म्हणजे क्लिकच्या हिशेबाने पार बिघडलेलं. पण गोंधळ असाच चालतो: बसल्या बसल्या सुरू होतो, देवी अंगात येईपर्यंत चढतो. ती चढण काढून टाकली तर संबळ उरतं, गोंधळ जातो. लय घसरणं आणि लय चढणं यात फरक आहे, तेवढा कान मात्र ठेवा. कडव्याच्या मध्येच लय पळाली तर ती चूक. झिलीवर उचलली गेली तर ती चाल.

तुमच्या ड्रमवाल्याला हे जड जाईल, कारण तो यूट्यूबवर मेट्रोनोम लावून शिकलाय. त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, संबळ वाजत असताना हाय-हॅटला, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीला, हात लावायचा नाही. संबळाची टिपेची बाजू आणि हाय-हॅट एकाच खोलीत दोन बायका कपडे आपटतायत तसं होतं. दुसरी, बेसड्रमने संबळाच्या घुमाऱ्याशी मारामारी करू नये. खालच्या बाजूवर काठी दाबून जो 'घुंम' निघतो, त्याची जागा बेस गिटारीच्या जागेशी अडते. मी अशा वेळी बेस गिटारवाल्याला सांगतो, त्या कडव्यात तू एक सूर धरून उभा राहा, चालू नको. रागावतात बेसवाले. नंतर ऐकल्यावर गप्प होतात.

आणि काही गाणी थेट सहा मात्रांत बांधा. तुमची सहाच्या सहा गाणी चारच्या हिशेबात आहेत, रॉकची सवय ती. एक गाणं तीन-तीनच्या झोक्यात घेतलंत तर संबळवाला स्वतःहून उठून उभा राहील आणि तुम्हाला 'फ्यूजन' करायची खटपटच उरणार नाही.

हलगी. आधी तिचं रेकॉर्डिंग, मग तिच्याबद्दल थोडं बोलायचंय.

आजकाल मिरवणुकीत फायबरच्या पानाची, बोल्टवाली हलगी सर्रास असते. पाऊस असो, ऊन असो, आवाज तोच. रेकॉर्डिंगला ती आणू नका, किंवा दोन्ही आणा आणि ऐकून ठरवा. कातड्याची हलगी शेकावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. गावात पाचट पेटवून शेकतात, माझ्या खोलीत जाळ करता येत नाही. आम्ही जुना दोनशेचा पिवळा बल्ब एका पत्र्याच्या डब्यात लावून ठेवलाय, त्यावर धरतो. हेअर ड्रायरनेही होतं, पण पान एकाच जागी तापतं आणि आवाज वाकडा येतो. पावसाळ्यात एका टेकपुरतीच ताणलेली राहते, म्हणून दोन हलग्या ठेवा: एक वाजतेय, दुसरी शेकतेय. शक्य असेल तर मार्च ते मेमध्ये करा. मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा एवढा एक उपयोग.

माइक लावताना शुअर एसएम 57 सारखा साधा डायनॅमिक माइक पानापासून दीड वीत अंतरावर, तिरका. दुसरा मागच्या उघड्या बाजूने, तोच हलगीला अंग देतो. मागच्याची फेज उलटी करून बघायला विसरू नका, नाहीतर दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ होतो आणि तुम्ही तासभर इक्वलायझर फिरवत बसता. लेव्हल अशी ठेवा की सर्वांत जोराचा ठोका वजा 12 डेसिबलच्या वर जाणार नाही. सरावात हलगीवाला जपून वाजवतो. लाल दिवा लागला की दुप्पट जोर येतो. हे दर वेळी होतं. आणि एक माइक दहा-बारा फूट लांब ठेवा. हलगी हे उघड्यावरचं वाद्य आहे. माझ्या स्टुडिओत भिंतींना फोम लावलाय, तिथं ती डब्यात कोंडल्यासारखी वाजते. चांगली हलगी मी आजवर एकदाच रेकॉर्ड केली, एका शाळेच्या व्हरांड्यात, रविवारी.

आता ते दुसरं. हलगी गावाने मातंग आणि महार समाजाच्या गळ्यात घातली होती. मयत, जत्रा, दवंडी, देवीचं काम, वाजवायला नाही म्हणायची सोय नव्हती आणि हातावर काय पडेल ते गावाच्या मर्जीवर. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर कितीतरी घरांनी ती खुंटीला टांगली, काहींनी कायमची. आणि कितीतरींनी तीच हलगी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ताठ मानेने वाजवली. ज्यांनी सोडली त्यांचंही बरोबर, ज्यांनी धरली त्यांचंही. पण तुम्ही ती 'ग्रामीण फील'साठी घेणार असाल तर घेऊ नका. वाजवणाऱ्याला बोलवा, त्याच्याबरोबर गाणं बांधा, कव्हरवर त्याचं नाव तुमच्या नावांच्या ओळीत, त्याच अक्षरात छापा. 'विशेष आभार'मध्ये नको. आणि पैसे आधी, रेकॉर्डिंगच्या दिवशी, हातात. मी माझ्या खोलीत हा नियमच केलाय, कारण 'अल्बम चालला की देऊ' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मला झोप येते.

तुमच्या पत्रातला गाण्यांच्या शब्दांबद्दलचा भाग मला आवडला, म्हणून थोडं. तुम्ही बोलताना 'कराल्लो', 'जायलो', 'येऊलाले' म्हणता आणि गाण्यात 'करतोय', 'जातोय' लिहिता. टँकरच्या गाण्यात मुलगी एका ठिकाणी विसरून 'बघूलाली' म्हणते, आणि त्या एका शब्दावर गाणं जमिनीवर येतं. ते कापू नका. सगळं गाणं बोलीत लिहा असं मी म्हणणार नाही, मुद्दाम बोली लिहिली की सिनेमातल्या नोकरासारखी वाटते. जिथं तोंडात तोच शब्द येतो तिथं तोच राहू द्या.

जुने शब्द घ्यायचे तर आपल्याकडे खजिना आहे. रघू दीक्षितने पहिल्या अल्बममध्ये शिशुनाळ शरीफांची कन्नड पदं रॉकमध्ये घेतली होती. एकोणिसाव्या शतकातला संतकवी आणि ऐकणारी कॉलेजची पोरं, तरी जमलं. तुमच्यापासून जवळच गंगाखेड, जनाबाईचं. नरसी नामदेवांची. पैठण नाथांचं. जनाबाईच्या अभंगातली जात्यावरची, झाडलोटीची, देवाशी भांडणारी बाई तुमच्या मुलीच्या खालच्या आवाजात कशी वाटेल याचा विचार करा. या रचनांवर कुणाचा कॉपीराइट नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात ऐकायला मिळतात, त्या मात्र ऐकण्यासाठी. गाण्यात घ्यायच्या तर विचारून, नाव देऊन.

कायद्याचं थोडक्यात. परंपरेतलं पद मोकळं, पण त्याचं एखादं ठराविक रेकॉर्डिंग मोकळं नाही. आपल्याकडे रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षं टिकतो, तेव्हा ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटमधला संबळाचा तुकडा उचलून गाण्यात चिकटवू नका. कवी हयात असेल किंवा जाऊन 60 वर्षं झाली नसतील तर परवानगी लागते. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला सहजासहजी लिहून घेता येत नाही, तरी कागद येतो तेव्हा नीट वाचा. माझ्या ओळखीच्या एका गायकाने एका कंपनीचा सोळा पानांचा इंग्रजी करार चहाच्या टपरीवर सही करून दिला होता. त्याची गाणी आजही वाजतात, त्याला काही मिळत नाही. तुम्ही पाच जणांनी आपसातही एक पानभर मराठीत लिहून ठेवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसा कसा वाटायचा. आज मैत्री आहे तोवरच. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या, फॉर्म कंटाळवाणा आहे पण घ्या.

गाणी किती? आठ पुरे. आज तुमच्याकडे सहा आहेत, त्यातली तीन अल्बमच्या लायकीची. पुढचं वर्ष नवीन लिहिण्यात घालवा आणि ती माणसांसमोर वाजवा. माळेगावच्या जत्रेत स्टेज मिळायची गरज नाही, गणपतीच्या मंडळात, शाळेच्या गॅदरिंगला, कुणाच्या जागरण-गोंधळाला मधल्या वेळेत दोन गाणी, चालेल. कुठल्या ओळीवर लोक तोंड उघडतात ते फोनवर रेकॉर्ड करून घरी ऐका. ज्या गाण्यावर तीन गावांत कुणी तोंड उघडलं नाही ते गाणं कितीही लाडकं असो, बाजूला ठेवा. त्या आइसलँडवाल्यांचं गाणंही अल्बमच्या वर्षभर आधी लोकांसमोर वाजत होतं, हे विसरू नका.

मिक्सिंगबद्दल एकच. आवाज मोठा करायच्या नादात कॉम्प्रेसरने सगळं सपाट करू नका. स्पॉटिफाय वगैरे ठिकाणी गाणी साधारण वजा 14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून वाजवली जातात, त्यामुळे तुम्ही दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खाली ओढलं जातं आणि हलगीचा ठोका मात्र कायमचा मेलेला असतो. मूळ फाइल 24 बिटची वेव्ह ठेवा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. बाकी मिक्सिंग कुणी करायचं ते नंतर बोलू.

आणि पुण्या-मुंबईचं. गिटार, बेस आणि मुख्य आवाज कुठंही करा, माझ्याकडे करा, पुण्याला करा, घरी गोधड्या टांगून केलेत तरी चालतील. पंखा मात्र बंद, आणि लग्नसराईत रात्री अकरानंतर, डीजे थांबल्यावर. पण संबळ, हलगी आणि झील लातूर सोडून कुठंही करू नका. झीलकरी म्हणून स्टुडिओतले भाड्याचे गायक नकोत. तुमच्या गल्लीतलं भजनी मंडळ, आत्याबाई, हलगीवाल्याचा भाचा, कॉलेजची चार पोरं, अशी दहा-बारा माणसं एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये अर्धवर्तुळात उभी करा, मध्ये एकच चांगला कंडेन्सर माइक, मोठ्या आवाजाचे मागे, बारीक आवाजाचे पुढे. हेडफोन दोघांनाच द्या, बाकीचे त्यांच्याकडे बघून उचलतील. बेसूर एखादा असतोच. त्याला काढू नका, जरा मागे सरकवा. माझं मशीन आणि माइक घेऊन मी येतो, लातूरला यायला मला निमित्तच हवं असतं.

तारीख मात्र आत्ता ठरवणार नाही. आधी टँकरच्या गाण्याचं फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवा, कसंही असू दे, कुकरची शिट्टी आली तरी चालेल. फक्त त्यात तुमच्या पाच जणांव्यतिरिक्त निदान दहा माणसं 'आला गं आला' म्हणताना ऐकू आली पाहिजेत.